धुराड्याच्या बंगल्याचे मठपती सर

दहावीच्या वर्गात मी वर्गसमीकरणं शिकवत होते. फळ्यावर उदाहरण अर्धं झालं होतं, मुलं माना खाली घालून लिहीत होती, आणि खिडकीच्या गजांना धरून बाहेरून कोणीतरी ओरडलं, "बाई, त्यो सिंह न्हाईच! बैल हाय! देवणी बैल हाय!"

ते मठपती सर होते, आमच्या शाळेचे चित्रकलेचे शिक्षक. कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि पायजमा, डोक्यावर काळी टोपी. ती त्या दिवशी उलटी बसली होती. पन्नाशी ओलांडलेला माणूस भर उन्हात अर्धा मैल पळत आला होता, आणि तो कशासाठी? तर धुराड्याच्या बंगल्याच्या कमानीवर जो दगडी सिंह आहे असं सगळं लातूर समजत होतं, तो सिंह नसून बैल आहे हे मला सांगायला. मला म्हणजे कुणालाही. वाटेत दुसरं कोणी सापडलं असतं तर त्याला रस्त्यावरच थांबवून सांगितलं असतं.

मी चिडले. माझा स्वभावच चिडका आहे, शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हटलं, "सर, माझा तास चालू आहे." ते म्हणाले, "तास रोज ऱ्हातोय की बाई. बैल आज सापडला." मग मुलंच उठली. शेवटी अख्खा वर्ग घेऊन आम्ही बंगल्यावर गेलो.

आणि खरोखरच तो बैल होता. मुख्य दाराच्या टोकदार कमानीच्या मधल्या दगडावर एक तोंड कोरलेलं होतं. भोवती आयाळीसारखं काहीतरी कोरलेलं, म्हणून सगळे त्याला सिंह म्हणायचे. सरांनी शिडी लावून त्याच्यावरची वर्षानुवर्षांची धूळ ओल्या फडक्यानं पुसली होती. आमच्या भागातल्या देवणी जातीच्या बैलाचे असतात तसे खाली लोंबणारे लांब कान, गळ्याची पोळी, शांत डोळे. आयाळ म्हणून जे कोरलं होतं ते गळ्यातल्या घुंगुरमाळेसारखं दिसत होतं.

"गोऱ्या साहेबानं नकाशात सिंह काढून दिला आसंल," सर शिडीवरूनच सांगत होते. "आता आपल्या गवंड्यानं सिंह कुठं बघावा? त्यानं इचार केला, मोठं तोंड, गळ्याभवती कायतरी, दिसायला रुबाबदार. म्हंजे आपला देवणीच की! केला आन् बसवला वर. साहेबाला कळलं बी नसंल!"

मुलं हसून हसून वेडी झाली. सर त्यांच्यापेक्षा जास्त हसत होते. शिडी हलत होती आणि खाली बंगल्याचा पहारेकरी चाँदपाशा दोन्ही हातांनी ती धरून म्हणत होता, "सर, नक्को ना हिलो, गिर जाते तुम."

हा बंगला गंजगोलाईच्या बाजारपेठेपासून थोडा बाहेर, कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या बाजूला होता. निजामाच्या काळात जिनिंगवर कोणी गोरा मॅनेजर होता, त्यानं तो बांधून घेतला असं सांगत. त्याला म्हणे आपल्या गावाकडचं घर जसंच्या तसं इथं हवं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिकडं जी घरं बांधत त्यांचा सगळा थाट या एका घरात होता. उभ्या उताराचं कौलारू छप्पर, त्याच्या कडांना लाकडात कोरलेली झालर, टोकदार कमानी, ओतीव लोखंडाचे बारीक खांब, दारांवर लाल-निळ्या काचा, फरशीवर वेलबुट्टी. दिवाणखान्याची एक भिंत तीन बाजूंनी बाहेर फुगलेली आणि ती सगळीच्या सगळी खिडकी. आणि दिवाणखान्यात शेकायला भिंतीतली शेकोटी, वर छपरातून बाहेर निघालेलं विटांचं उंच धुराडं. लातुरात शेकोटी! वैशाखात डांबर वितळतं तिथं त्या मॅनेजरला बहुधा डोकं शेकायचं असावं असं आम्ही म्हणायचो. छपराला इतका उतार कशाला, तर तिकडं बर्फ पडतो, तो घसरून जावा म्हणून. आमच्याकडे पाऊस पडायची मारामार.

शिवाय या घराची गावात एक चेष्टा होती. ती मोठी खिडकी रस्त्याकडे नव्हती, मागच्या बाजूला, उत्तरेला होती. दर्शनी बाजूला तर न्हाणीघराची भिंत आली होती. त्यामुळे गवंड्यानं नकाशा उलटा धरला आणि साहेब दौऱ्यावरून येईपर्यंत घर बांधून मोकळा झाला, असं सगळे सांगायचे. कोणी काही उलटं केलं की आमच्याकडे म्हणत, "काय धुराड्याचा बंगला करून ठेवलास!"

सरांना हे बोलणं अजिबात सहन व्हायचं नाही. त्याचं मूळ दुष्काळाच्या वर्षात होतं.

त्या उन्हाळ्यात शाळा सुटल्यावर आम्हां शिक्षकांना दुष्काळी कामांवर नेमलं होतं. खडी फोडणाऱ्या लोकांना जी सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा कोरडा खाऊ, वाटायची, तिची पोती या बंगल्यात ठेवलेली होती आणि त्यांच्यावर देखरेखीला मठपती सर आणि मी. मी तेव्हा अहमदपुराहून नुकतीच बदलून आलेली, तरुण, आणि या नेमणुकीवर भयंकर रागावलेली. बाहेर असं ऊन की चप्पल रस्त्याला चिकटायची. आम्ही आत शिरलो, आणि सर दोन पावलांवर थांबले. टोपी काढली. "बाई," ते हळूच म्हणाले, "हितं गार हाय."

गार म्हणजे काही माथेरान नव्हतं. पण बाहेरच्या मानानं फरक होता खरा. चाँदपाशानं आपला पाण्याचा माठ नेमका त्या शेकोटीच्या कोनाड्यात ठेवला होता. सरांनी विचारलं, "हितंच कामून ठिवलास?" चाँदपाशा म्हणाला, "इधरच ठंडा होता सर. अंदर से हवा खींचती."

बस, त्या एका वाक्यानं सरांच्या आयुष्याचं वाटोळं केलं, किंवा सोनं केलं. काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला तापमापक घेऊन आले. आठवड्याभरात त्यांनी प्रत्येक खोलीचं, प्रत्येक तासाचं तापमान एका वहीत लिहिलं. सुकडीचा हिशेब मी ठेवायचा आणि हवेचा त्यांनी, अशी आमची वाटणी झाली. दुष्काळ सरला, पोती गेली, पण सरांचं बंगल्यावर जाणं सुटलं नाही. रोज शाळा सुटली की सर बंगल्यावर. दहा वर्षं! चित्रकलेचे तास तिथेच. मुलांना सूर्योदय, डोंगर, नदी असलं काही काढू द्यायचे नाहीत. "लातुरात नदी कुठं बघितली रे? खिडकी काढ. ही बग, समोर हाय." सरांच्या वर्गात खोडरबर चालत नसे. चुकलं तर ती रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी नवी काढायची. ते म्हणायचे, "चूक खोडू नका. चुकीकडं बगत ऱ्हावा जरा. ती कायतरी सांगून ऱ्हायली आसती." मी गणिताची. माझ्या विषयात चूक काही सांगत नाही, गुण कापते. आमचं यावरून रोज वाजायचं.

एकदा मला म्हणाले, धुराड्याची उंची काढून द्या. मी मुलांना सावली मोजायला लावली, प्रमाण मांडलं, उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः छपरावर चढून वरून दोरी सोडून आले आणि म्हणाले, "बाई, चार बोटांचा फरक पडला!" माझं उत्तर इतकं जवळ आलं याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. स्टाफरूममध्ये प्रत्येकाला सांगत फिरले. मला लाजल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं. कोणाच्या कामाचं इतकं कौतुक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दहा वर्षांच्या मोजमापातून सरांनी निष्कर्ष काढला तो असा. गवंड्यानं नकाशा उलटा धरला नव्हता, मुद्दाम फिरवला होता. तिकडं ऊन मिळत नाही म्हणून मोठी खिडकी उन्हाच्या बाजूला काढतात. इथं ऊन नको म्हणून त्यानं ती उत्तरेला नेली आणि दक्षिणेला न्हाणीघराची जाड भिंत घातली. आणि शेकोटीचं धुराडं त्यानं धुरासाठी नाही, वाऱ्यासाठी वापरलं. दिवाणखान्यात छताच्या खाली दगडी फुलांची एक रांग होती. त्या फुलांच्या मधोमध बोट जाईल एवढी भोकं होती. सरांचं म्हणणं, त्या फुलांच्या मागे भिंत पोकळ आहे. खोलीतली तापलेली हवा वर चढते, त्या भोकांतून भिंतीत शिरते आणि पोकळीतून धुराड्यात जाऊन बाहेर पडते.

"साहेब म्हणला आसंल, मला माझ्या आईच्या घरासारखं घर पायजे," सर सांगायचे. "आन् आपला हितल्या शेजारच्या मुरुडचा गवंडी म्हणला, देतो की. पर ऱ्हायला लातुरात लागतं, हे बी बगतो."

"मुरुडचा कशावरून?" मी विचारायची.

"इतकी अक्कल दुसऱ्या कुठल्या गावाला हाय, सांगा बरं?"

सर मूळचे मुरुडचे होते.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. त्या दिवशीचा आनंद काय सांगू! दुकानादुकानांतून पेढे, गोलाईत गुलाल, एसटी स्टँडवर अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. कागदाच्या एका तुकड्यासाठी जिल्ह्याच्या कचेरीत उस्मानाबादला मारायच्या चकरा संपल्या होत्या. सरांनी त्या दिवशी शाळेत मुलांकडून सगळ्या भिंतींवर रंगीत खडूनं कमानी काढून घेतल्या. मुख्याध्यापक ओरडले, तर हे त्यांना म्हणाले, "सर, जिल्ह्याला दारं नगंत का?"

जिल्हा आला तशी कचेऱ्याही आल्या आणि कचेऱ्यांना जागा लागली. बंगला सरकारजमा होता, भोवती मोठं आवार. तिथे नवी इमारत बांधायची असं ठरलं आणि बंगला पाडायचा की ठेवायचा हे पाहायला एक समिती आली. तिच्यातले मुख्य इंजिनिअरसाहेब बाहेरगावचे होते. तसे शांत, ऐकून घेणारे. सरांनी त्यांना 'शरणार्थ' म्हणत हात जोडून आत नेलं आणि जे काय सुरू झालं! देवणी बैल, उत्तरेची खिडकी, तापमानाच्या वह्या, माझं धुराड्याचं गणित, सगळं. मग त्यांनी खोलीच्या मधोमध धुपाटण्यात ऊद पेटवला. चाँदपाशानं खालची तावदानं उघडली. धूर वर चढला, छताशी थोडा घुटमळला, आणि मग एकेका दगडी फुलाकडे वळून त्याच्या पोटात शिरायला लागला. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली, चाळिशीला आलेली बाई असून. बाहेर आवारात उभी असलेली मुलं ओरडली, "सर, निघाला! धुराड्यातनं निघाला!"

साहेब बराच वेळ वर पाहत राहिले. म्हणाले, "म्हणजे भिंत पोकळ आहे."

"हाव साहेब! पोकळ हाय! आरपार पोकळ!" सर आनंदानं म्हणाले.

तीन आठवड्यांनी समितीच्या अहवालाची प्रत शाळेत आली. सर ती घेऊन पळतच स्टाफरूममध्ये शिरले. "बाई, माझं नाव न्हाई, पर 'स्थानिक जाणकार' म्हणलंय बगा! हितं बगा!" आणि त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "'स्थानिक जाणकारांच्या मते इमारतीच्या मुख्य भिंती आतून पोकळ आहेत. सबब इमारत धोकादायक असून...'" पुढचं त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. मी कागद घेतला आणि वाचला. पाडून टाकावी, असं होतं.

त्याच दुपारी आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. सर त्यांना बांबूचं सांगू लागले, पोकळ असून किती भार घेतो ते. साहेबांनी सगळं ऐकलं आणि फार सरळ शब्दांत सांगितलं, "मठपती, मला तुमचं घर आवडलं. पण पोकळ भिंत मला कागदावर पास करता येत नाही. तुम्ही एक करा. माझा अंदाज चुकला, भिंती भरीव आहेत, असं लिहून द्या. बाकी काही नको. मी फेरविचाराला पाठवतो आणि इमारत दुरुस्तीत घेतो."

एवढं सोपं होतं. एक ओळ! मला वाटलं, सुटलो. रस्त्याला लागताच मी पिशवीतून कागद काढला. सरांनी तो घेतला, पण तिथे काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला ते स्टाफरूममध्ये तो कागद समोर ठेवून बसलेले होते. कोराच होता.

"लिहा की!" मी म्हटलं.

"बाई, मग त्यो गवंडी येडा ठरतोय."

"कोण गवंडी? मेला तो! नाव तरी माहीत आहे का तुम्हाला त्याचं?"

"न्हाई म्हाईत. म्हणून तर." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "भिंत भरीव आसंल तर फुलांची भोकं उगंच पाडली. धुराडं उगंच. खिडकी चुकून मागं गेली. समदं गाव हसतंय तेच खरं. बंगला ऱ्हाईल बाई, पर मग त्यात बगायचं काय?"

"घर राहील! तुमचं दहा वर्षांचं काम राहील!"

"माझ्या हातानं लिहून देऊ, त्याला अक्कल नव्हती म्हणून?"

मी खूप बोलले त्यांना. हट्टी म्हटलं, अहंकारी म्हटलं. भिंत फोडून दाखवायची परवानगी मागा असंही सुचवलं. त्यावर ते म्हणाले की ज्या भिंतीला आपण साधा ओरखडा पडू देत नाही तिच्यावर पहार कशी चालवायची. कागद त्यांनी चार घड्या घालून मला परत दिला. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. पुढचे सहा महिने एकाच खोलीत बसून आम्ही एकमेकांना फक्त हजेरीपटापुरते ओळखत होतो. मला त्यांचा राग अजूनही येतो. आठवण आली की आधी राग येतो आणि मग बाकीचं सगळं.

बंगला पाडायला घेतला त्या दिवशी शाळा सकाळची होती. दुपारी घरी जाताना पाहिलं तर छप्पर उतरवून झालं होतं, लाकडी झालर ट्रकमध्ये पडली होती. मला थांबायचं नव्हतं. पण आतून ओरडणं ऐकू आलं, "बाई! बाई आल्या का? आवो, बाईंना बलवा कुनीतरी!"

मी धावत आत गेले. दिवाणखान्याच्या डोक्यावर आभाळ होतं. शेकोटीची भिंत वरून कंबरेच्या उंचीपर्यंत उतरवलेली होती आणि मठपती सर चुन्यानं पांढरेफटक होऊन तिच्यापाशी अक्षरशः नाचत होते. टोपी कुठं गेली होती देव जाणे.

"बगा! बगा, पोकळ हाय!"

मी वाकून पाहिलं. दोन दगडी थरांच्या मध्ये वीतभर रुंदीची पोकळी होती, खाली अंधारात गेलेली. तिच्या आतल्या बाजूंना गिलावा केलेला होता. नुसता थापलेला नाही, घोटलेला, पाटीसारखा गुळगुळीत. पुन्हा कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी कुणीतरी दिवसचे दिवस बसून तो घोटला होता, वारा अडखळू नये म्हणून.

"आतनं घोटलाय बाई! आतनं!" सर हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सांगा आता, येडा व्हता का? सांगा की!"

"नव्हता सर," मी म्हटलं. सहा महिन्यांनी मी त्यांच्याशी बोलले ते हे. त्या क्षणी मला इतका आनंद झाला होता की आपण कुठे उभे आहोत तेच मी विसरले होते.

सरांनी टेप काढला. एक टोक माझ्या हातात दिलं. पहार घेतलेला मजूर जवळ आला तसे म्हणाले, "थांब बाबा, पाच मिंटं थांब." तो थांबला. बाकीचेही थांबले, कोणी तंबाखू काढली, कोणी सावलीला टेकलं. आम्ही मोजत होतो. रुंदी, गिलाव्याची जाडी, दगडाची खोली. मी आकडे सांगत होते, ते वहीत लिहून घेत होते आणि दर आकड्याला "वा!" म्हणत होते. मग त्यांनी वही बंद केली, बाही वर सारली आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. आतल्या गुळगुळीत चुन्यावरून तो हळूहळू फिरवत राहिले.

ट्रकवाल्यानं बाहेरून हॉर्न दिला. मजूर सरांकडे पाहू लागला.

"झालं," सर म्हणाले. "हं. चालू द्या."

कोणी हललं नाही.

"चालू द्या म्हणलं की. माझं झालंय."

मजुरानं पहार उचलली आणि तशीच धरून उभा राहिला. "सर," तो म्हणाला, "हात काढा अगुदर."